तीन बोटं पाणी

आप्पांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आशालता येणार की नाही, यावर निर्मळ गावातल्या राऊतांच्या घरात आठवडाभर खल चालला होता. गणपतीत तिचं आणि धाकट्या दिराचं, धवलचं, चांगलंच वाजलं होतं. तेव्हापासून तिने वाडीत पाऊल टाकलेलं नव्हतं. तिचा नवरा विघ्नेश येऊन-जाऊन असायचा, लेक रेवा तर शेतकीच्या कॉलेजसाठी वर्षभर इथेच आजी-आजोबांकडे राहत होती. पण थोरल्या सूनबाईंचं तोंड आपलं नायगावकडे. तिच्या सासूबाई, अनसूयाबाई, म्हणत होत्या, येईल. धवल म्हणत होता, नाही आली तर रस सगळ्यांना पुरेल.

ती आली. रविवारी साडेअकराला, मे महिन्याच्या भर उन्हात. आणि एकटी नाही आली. स्कूटरवर पुढे ती, मागे टेम्पो, टेम्पोत हजार लिटरची काळी टाकी आणि तीस-पस्तीस रिकामे कॅन. ते कॅन आळीतल्या प्रत्येक खड्ड्यावर असे काही खडखडले की निम्मी आळी दारात येऊन उभी राहिली.

"केक आणतेय की भंगार?" मंडपाची दोरी ताणता ताणता धवल म्हणाला.

आशालताने ऐकलं आणि सोडून दिलं. वसई फाट्यापासून ती एकच वाक्य मनात घोळवत आली होती, ते मध्येच सांडायला नको होतं. ती मूळची साताऱ्याकडची. पोटात काही ठेवायचं हे तिला चोवीस वर्षांत सासरच्यांनी शिकवलं नाही असं नाही, पण ती शिकली नव्हती. चपला काढल्या, आप्पांच्या पाया पडली, हातात शर्टाचं पाकीट ठेवलं आणि त्याच दमात म्हणाली, "आप्पा, शंभरी गाठा. आणि मला विहिरीचं पाणी पाहिजे. टाकीभर."

भाड्याचा पंखा तेवढा घरघरत राहिला.

"अगं, आधी बस तरी," विघ्नेश कसनुसा हसत म्हणाला. तो तासभर आधीच येऊन बसला होता, आणि बायको काय घेऊन येतेय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो तासभर आधी आला होता, आप्पांच्या कानावर घालायला. आणि तासभर त्याने आंब्याच्या भावावर गप्पा मारल्या होत्या.

"बसायला वेळ नाही. आमच्या बिल्डिंगला आज पाचवा दिवस, नळाला थेंब नाही. रस्ता खणताना मोठी लाइन फुटलीय. टँकरवाले गुरुवारची तारीख देतात. चौऱ्याऐंशी घरं आहेत, आप्पा. ते सगळं एक वेळ सोडा. तिसऱ्या मजल्यावर ऋतिका आहे, बाळंतीण. बुधवारी दवाखान्यातून घरी आलीय. पोरीला आई नाही, सासू तिकडे मालवणात पाय मोडून पडलीय. पाच दिवस झाले, ना तिच्या अंगावर गरम पाणी पडलंय ना बाळाच्या. ओल्या फडक्याने पुसतोय आम्ही त्या लेकराला. मानेत पुरळ उठलंय लालभडक." तिने कपाळावरचा घाम पुसला. "मी तिला शब्द दिलाय, आज दिवस मावळायच्या आत दोघांना न्हाऊ घालते म्हणून."

आता इथे दुसरं कुठलं घर असतं तर विहिरीची मोटर तेव्हाच चालू झाली असती. पण राऊतांच्या विहिरीच्या कठड्यावर सिमेंटात कोरलेल्या तीन ओळी होत्या, आणि त्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होत्या: *या विहिरीचे पाणी वाडीबाहेर जाणार नाही. मोडेल त्याने आळीला जेवण घालावे. दि. ना. राऊत, १२ मे १९९१.*

चौतीस वर्षांत असलं जेवण कुणी जेवलेलं नव्हतं.

धवल शिडीवरून उतरला. कमरेला मोटरखोलीची चावी होती, ती काढून त्याने पँटच्या खिशात टाकली, सगळ्यांना दिसेल अशी. "वहिनी, तुम्हाला वाचता येतं ना? जा, कठड्यावर लिहिलंय ते वाचून या."

"वाचलंय, भाऊजी. लग्न होऊन आले त्या दिवशीच दाखवलंत मला. घरात देव नंतर दाखवले."

रेवा फिसकन हसली आणि काकाने बघितल्यावर तिने तोंड पुसल्यासारखं केलं.

"हसू नकोस. आज टेम्पो, उद्या टँकर," धवल म्हणाला. "नायगाव, जूचंद्र, तिकडे टॉवरवर टॉवर उठतायत. एकाला दिलं की शंभर दारात उभे. नियम एकदा मोडला की मोडला, त्याला परत जोड नाही. एवढा कळवळा आहे तर बिल्डिंग घेताना पाण्याची चौकशी करायची होती."

"आणि त्या बाळाने जन्माला येताना चौकशी करायची होती का?"

धवलला लागलं ते. तो काही दुष्ट माणूस नव्हता. उलट घरात सगळ्यात हळवा तोच. पण वाडीच्या बाबतीत तो मऊ व्हायला तयार नव्हता आणि त्याला कारण होतं. तो सात वर्षांचा असताना वसईत भराभर इमारती उठल्या आणि वाडीवाडीत टँकर लागायला लागले. राऊतांच्या विहिरीवरही दोन उन्हाळे लागले. आप्पांनीच लावले होते. समुद्र हाकेच्या अंतरावर. गोडं पाणी उपसत गेलं की खारं आत सरकतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनीच काणाडोळा केला होता. तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर मचूळ झाली. आधी पानवेली गेल्या. मग केळीची पानं कडेकडेने करपली. आप्पांनी एका दुपारी टँकरचा पाइप विहिरीतून ओढून रस्त्यावर फेकला, गवंडी बोलावून कठडा नव्याने लिंपून घेतला आणि ओल्या सिमेंटात खिळ्याने अक्षरं कोरली. तो खिळा धवलने आणून दिला होता. विहीर परत गोडी व्हायला वर्ष लागलं. मोठा भाऊ नोकरीला लागून नायगावच्या फ्लॅटमध्ये गेला, धवल वाडीतच राहिला. वाडी बघणाऱ्या मुलाला मुली कोण देतं, म्हणून लग्नही राहिलं. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, मोगरा, केळी आणि त्या तीन ओळी, एवढाच त्याचा संसार होता.

"रेवा," तो म्हणाला, "सांग तुझ्या आईला. तू शिकतेस ना हेच."

सगळे रेवाकडे बघायला लागले. काका-पुतणीची जोडी घट्ट होती. गणपतीतल्या भांडणातसुद्धा ती आईच्या विरोधात काकाच्या बाजूने बोलली होती, आणि आशालता ते विसरली नव्हती.

रेवा सरळ विहिरीकडे गेली. रोज सकाळी ती कठड्यावरून एक दोरी सोडायची, हाता-हातावर गाठ मारलेली, खाली दगड बांधलेला. पाणी कुठल्या गाठीला लागतं ते वहीत लिहायची. जानेवारीपासून एक दिवस चुकला नव्हता. आत्ता तिने दोरी सोडली, वर ओढली, ओली गाठ बोटाने चाचपली आणि परत आली.

"काका, रागावू नकोस. रोज आपण केळीला सोडतो, त्याने विहीर हातभर उतरते आणि सकाळपर्यंत परत भरते. ही टाकी भरली तर किती उतरेल, माहितीय? एवढी." तिने तीन बोटं जुळवून दाखवली. "तीन बोटं. दुपारच्या चहापर्यंत भरून येईल."

"तूसुद्धा?" धवल म्हणाला.

"मी कुणाच्या बाजूने नाहीये. दोरीच्या बाजूने आहे."

"वा गं माझी वाघीण," आशालता म्हणाली. मायलेकींनी आठ महिन्यांत पहिल्यांदा एकमेकींकडे सरळ बघितलं.

"आज तीन बोटं!" धवलचा आवाज चढला. "तेव्हाही पहिल्या दिवशी तीनच बोटं उतरली होती! आप्पा, तुम्ही बोला ना काहीतरी. तुमचा नियम आहे."

आप्पा नव्या शर्टाचं पाकीट मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

स्वयंपाकघरात अनसूयाबाई केळफुलाच्या भाजीला फोडणी देत होत्या. शेजारी पाटावर आल्बिना कोलंबी सोलत बसली होती. आल्बिनाचं घर कुंपणापलीकडे. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या आळीत आल्या. एक बामणाच्या मंत्रांनी आली, दुसरी फादरच्या आशीर्वादाने, एवढाच काय तो फरक. बावन्न वर्षं एकीच्या घरचं कालवण दुसरीच्या ताटात पडलं होतं. बाहेरचं सगळं त्या ऐकत होत्या. 'बाळंतीण' हा शब्द आला तेव्हा आल्बिनाचा हात थांबला होता. 'तीन बोटं' आलं तेव्हा अनसूयाबाईंनी गॅस बंद केला.

"अनसूये," आल्बिना दबक्या आवाजात म्हणाली, "गप बस हां. सणाचा दिवस आहे."

"तेहतीस वर्षं गप बसलेय."

"आणि चार वर्षं बस. मग दोघी वर जाऊ, तिकडे सांग."

"तिकडे तुझा देव वेगळा, माझा वेगळा. साक्षीला कोण येणार मग?" पदराला हात पुसत अनसूयाबाई बाहेर निघाल्या. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. कित्येक वर्षं दात दुखावा आणि शेवटी आज काढायचाच असं ठरवावं, तसं.

"धवल," मंडपात येऊन त्या म्हणाल्या, "चावी राहू दे तुझ्याकडे. नियम आधीच मोडलेला आहे. मी मोडलाय."

"काय?"

"न्हाणीमागच्या नळाला आतून एक पाइप आहे. जास्वंदीच्या कुंपणाखालून जातो, वीतभर खोल. तो आल्बिनाच्या हौदात पडतो. तू मोगरा घेऊन पहाटेच दादरला जातोस ना, त्यानंतर साडेसहाला मी नळ सोडते. अर्धा तास. ब्याण्णव सालापासून."

आल्बिना दारात येऊन उभी राहिली, हाताला कोलंबीचा वास, डोळे जमिनीवर. "नको म्हणाले होते मी तिला," ती म्हणाली. "पहिली दोन वर्षं म्हणाले. मग नाही म्हटलं."

"पण का?" हे विघ्नेशने विचारलं. त्याने सकाळपासून विचारलेला हा पहिला कामाचा प्रश्न.

"का म्हणजे? टँकर आपण लावले, आणि विहीर तिचीही खारावली. आपली वर्षभरात गोडी झाली. तिची उतारावर, ती झाली नाही ती नाहीच. तेव्हा फ्लॉसी तिची एवढीशी होती, पाळण्यातली. त्या मचूळ पाण्याने पोरीचं अंग सोलवटून निघालं होतं." अनसूयाबाई सुनेकडे वळल्या. "तुझं ते बाळ आहे ना, तसंच. आणि तुझ्या सासऱ्याने इकडे दगडावर कोरून ठेवलेलं, पाणी बाहेर जाणार नाही. मी काय करू? दगडाला विचारत बसू?"

धवल बाकावर बसला. मग एकदम त्याच्या डोक्यात काहीतरी आलं आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कुंपणाखालून? म्हणजे कोपऱ्यातल्या राजेळी केळीच्या बुंध्याजवळून?"

"हो. तिथे थोडा गळतो तो."

रेवाने तोंडावर हात दाबला, पण उपयोग झाला नाही. त्या कोपऱ्यातल्या राजेळीच्या घडाला तालुक्याच्या प्रदर्शनात दोनदा पहिला नंबर मिळाला होता. धवलने दोन्ही वेळा माइकवर जाऊन आपल्या खास खताबद्दल पंधरा-पंधरा मिनिटं भाषण केलं होतं.

"काका, तुझं खत!" ती म्हणाली आणि खुर्चीवर आडवी झाली. मग विघ्नेश हसला, आशालता हसली, टेम्पोवाला फ्लॉईड, ज्याला यातलं निम्मं कळलं होतं, तोही हसला. धवलला हसावं की रडावं कळेना. तो आप्पांकडे वळला. "बघा! तुमच्या नाकाखाली!"

आप्पांनी शर्टाचं पाकीट बाजूला ठेवलं. "तो पाइप दोन हजार पाच साली फुटला होता," ते सावकाश म्हणाले. "त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलीय. ती काय तुझ्या आईने बांधली असं वाटतं तुला?"

अनसूयाबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो! तुम्हाला ठाऊक होतं?"

"ब्याण्णवपासून."

"आणि बोलला नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

"आणि पट्टी बांधलीत ती नीट तरी बांधायची! गळते अजून."

"त्या केळीला पण पाणी हवंच होतं," आप्पा म्हणाले.

आता मात्र हसण्याचा असा लोंढा आला की आळीतली दारात उभी असलेली माणसं सरळ आत आली. आल्बिना पदर डोळ्यांना लावून हसत होती, की रडत होती, की दोन्ही. एकटा धवल हसत नव्हता. तो उठून उभा राहिला.

"म्हणजे मी मूर्ख," तो म्हणाला. "घरात सगळे मोडत होते, आणि मी दारात उभा राहून लोकांना नाही म्हणत होतो. आप्पा, गावात मला काय म्हणतात माहितीय? कोरडा धवल. तळ्याकाठच्या शाळेने मागितलं होतं पाणी एकदा, मे महिन्यात, पोरांच्या शिबिराला. मी नाही म्हणालो. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. तुमच्या शब्दासाठी नाही म्हणालो ना मी!"

हसू विरलं. आप्पा काठी टेकत उठले. ऐंशी वर्षांत त्यांनी मुलांची माफी कधी मागितली नव्हती, तशी पद्धतच नव्हती त्यांच्या पिढीत. ते धवलसमोर जाऊन उभे राहिले आणि ते नेमके कुठून सुरुवात करणार हे त्यांनाच कळत नव्हतं.

"चुकलो मी," ते म्हणाले. तिथूनच सुरुवात झाली. "नियम वाईट नव्हता. त्या नियमाने ही वाडी राहिली, नाहीतर आज इथे पण टॉवर असता. पण रागाच्या भरात कोरला. आल्बिनाची विहीर त्यात विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं, तोवर सिमेंट वाळलं होतं. खोडायला गेलो तर लोक म्हणतील, दिनानाथ एका रात्रीत फिरला. म्हणून गप्प बसलो. तुझ्या आईने पाइप पुरला तेव्हा म्हटलं, बरं झालं, काम पण झालं आणि अब्रू पण राहिली."

"झालंच की मग," अनसूयाबाई म्हणाल्या.

"नाही झालं. आल्बिनाचं झालं. बाकी कुणाचं झालं? आपण चोरून दिलं, म्हणून गावाला वाटत राहिलं की दिनानाथ थेंब देत नाही. मग दुसऱ्याने तरी का द्यावा? चोरून मोडला की आपल्यापुरती सोय होते. शेजारच्याला त्यातून काही कळत नाही." त्यांनी धवलच्या खांद्यावर हात ठेवला. "मला सांग, खिळा तू आणून दिला होतास. आपण तो नियम कुणापासून वाचायला केला?"

धवलने खिशातली चावी चाचपली.

"सांग की."

"टँकरवाल्यांपासून. पाणी विकणाऱ्यांपासून."

"तुझी वहिनी पाणी विकणार आहे?"

"ती? तिला बाराशेची साडी भाव करून घेता येत नाही, विकणार काय," विघ्नेश बोलून गेला आणि लगेच जीभ चावली. पण आशालता रागावली नाही. ती धवलकडे बघत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, या वेळी हळू, "मी पण टाकी घेऊन परस्पर दुपारी येऊ शकले असते, तुम्ही झोपल्यावर. रेवाने दार उघडलं असतं मला. पण मला नाही पटलं. मोडायचाच तर तुमच्यासमोर मोडायचा म्हणून सगळ्या आळीतून खडखडाट करत आले. तुम्ही नाही म्हणालात तर तशीच परत जाईन. वाढदिवसाचं जेवून जाईन, पण."

धवलने खिशात हात घातला. चावी बाहेर आली, पण त्याने ती कुणाच्या हातात दिली नाही.

"माझ्या अटी आहेत," तो म्हणाला. "नायगावची लाइन दुरुस्त होईपर्यंतच. आधी बाळंतीण, म्हातारी माणसं, मग बाकीचे. कुणी एक रुपया घेतलेला कळला तर त्याच मिनिटाला बंद. रेवा प्रत्येक टाकीनंतर दोरी सोडणार, आणि हातभर उतरलं की मी माझ्या बापाचंसुद्धा ऐकणार नाही."

"ऐकूच नकोस," बाप म्हणाला.

"आणि फाटक उघडं ठेवायचं. सताड. ज्याला बघायचं त्याला बघू दे." तो मोटरखोलीकडे चालायला लागला, अर्ध्यात थांबला. "फ्लॉईड, टेम्पो रिव्हर्स घे. मोगऱ्यावर चढवलास तर तंगडी मोडीन."

"बिनधास्त रहा अंकल, स्मूथली लावतो," फ्लॉईड म्हणाला आणि त्याने तो अबोलीवर चढवला.

मोटर सुरू झाली. काळ्या टाकीत पाणी पडायला लागलं, आधी दणदण, मग भरत आली तसं घुमत. आळीतल्या बायका कॅन धरायला पुढे झाल्या. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. रस्त्यापलीकडचा वॉल्टर लुंगी सावरत, धापा टाकत आला. त्याची आणि आप्पांची साठ वर्षांची दोस्ती आणि साठ वर्षांचीच चुरस.

"दिनानाथ! हे काय बघतो मी? मोडला?"

"मोडला. दंड भरतोय. जेवायला बस."

"अरे देवा! मग माझी विहीर काय एवढी वर्षं तुझं तोंड बघत बसलीय?"

"कुणी सांगितलं होतं बघायला?"

"तू देत नव्हतास, म्हणून मी देत नव्हतो. दिलं असतं तर लोक म्हणाले असते, वॉल्टर दिनानाथापेक्षा शहाणा झाला." तो लगेच मागे फिरून मुलाला हाका मारायला लागला. "फर्डिनंड! ए फर्डिनंड! टेम्पो काढ! टाकी चढव!"

धवल पाइप धरून उभा होता. त्याने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी फक्त भुवया उंचावल्या. म्हातारा खुशीत होता.

एक वाजता आशालता टेम्पो घेऊन निघाली. जेवण राहिलंच तिचं. अनसूयाबाईंनी डब्यात रस-पुरी, केळफुलाची भाजी आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे सहा लाडू भरून दिले. निघताना तिने सासूला मिठी मारली. राऊतांच्या घरात सासू-सुनांनी मिठी मारायची रीत नव्हती, पण त्या दिवशी एक मोडलं काय नि दोन मोडली काय.

मग आप्पांनी जाहीर केलं की वाढदिवसाचं जेवण रद्द, हीच दंडाची पंगत. चाळीस माणसांच्या जेवणाला शंभरावर माणसं बसली. रस दुसऱ्या पंगतीला संपला, वालाचं बिरडं तिसऱ्या. मग आल्बिनाने घरून कोलंबीच्या कालवणाचा टोप आणला, वॉल्टरकडून पावांची पाटी आली, आणि विघ्नेशने आयुष्यात पहिल्यांदा भात केला. तो भात लापशीसारखा झाला, तरी लोकांनी खाल्ला. वाढायला धवल. तळ्याकाठच्या शाळेचे मास्तर पंगतीत दिसले तेव्हा तो त्यांच्या पानासमोर जरा जास्त वेळ वाकला, काहीतरी बोलला, आणि मास्तरांनी त्याचा हात धरून हलवला. ते काय बोलले ते कुणी विचारलं नाही.

"अहो," पंगती उठल्यावर अनसूयाबाई आप्पांना म्हणाल्या, "तुमचा दंड फिटला. माझा? मी तर रोज मोडलाय."

आप्पांनी विचार केल्यासारखं केलं. "तू बावन्न वर्षं रोज पंगत घालतेयस. तुझा आगाऊ जमा आहे."

"आज कसं सुचलं हे?"

"सुचलं होतं आधीच. आज बोललो."

रेवाने विचारलं, कठड्यावरच्या ओळी आता छिन्नीने काढायच्या का. आप्पा नको म्हणाले. उद्या खरोखरचा टँकर आला तर त्याला दाखवायला काहीतरी हवं. धवलने मात्र न्हाणीमागे जाऊन तो जुना पाइप उकरला, सायकलच्या ट्यूबसकट, आणि नवा निळा पाइप नळाला लावून जास्वंदीच्या वरून, सगळ्या आळीला दिसेल असा, आल्बिनाच्या हौदात सोडला. आल्बिना कुंपणापलीकडून दुसरं टोक ओढत होती. "अरे बाबा, जरा आडून ने, जास्वंद मोडेल," ती म्हणाली. "मोडू दे," धवल म्हणाला. राजेळीच्या बुंध्याजवळ मात्र त्याने थोडा वेळ काढला आणि जुन्या पाइपचा गळका तुकडा नव्याला जोडून परत पुरला. पुढच्या प्रदर्शनाला वेळ होता अजून.

साडेचारला रेवाने दोरी सोडली. फ्लॉईडच्या फेऱ्यांत तीन टाक्या गेल्या होत्या. पाणी सकाळच्या खुणेपासून चार बोटं खाली होतं आणि चढत होतं. ती वहीत लिहीत होती, तेवढ्यात तिच्या फोनवर आईचा निरोप वाजला.

फोटो नव्हता, नुसता आवाज होता. रेवाने फोन मोठ्याने लावला आणि मध्ये धरला. आधी तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज. मग आशालता, "आलं आलं, माझं सोनं ते, झालं हं," आणि धारेचा आवाज. आणि मग ते बाळ असं काही संतापून, टिपेला जाऊन, सगळ्या जगाला जाब विचारत रडलं की वॉल्टरने हातातला चहा सांडला. मागे कुठेतरी ऋतिका हसत होती. शेवटी आशालताचा आवाज आला, धापा टाकत: "भाऊजी, ऐकताय ना? तुमचं पाणी आहे हे."

मंडपात सगळे हसत होते. अनसूयाबाईंनी आल्बिनाचा हात धरला होता. धवल जमिनीवरच बसला होता, पायाला चिखल, हाताला चिखल. त्याने मनगटाने नाक पुसलं.

"रेवा," तो म्हणाला, "परत लाव गं."